डांस हांकणारी मेणबत्ती



पावसाळ्यांतील सायंकाळ आपल्या वसतिगृहांतील मुलांस कशी जाते, हें तुम्हांस ठाऊक आहेच. दिवेलागणीच्या सुमारास अभ्यासाची घंटा होते. खोल्यांत उकडतें म्हणून मुलें सतरंज्या घेऊन व्हरांड्यांत येऊन बसतात. आणि पुस्तकाचें पहिलें पान पुरें होतें न होतें तोंच घोट्यांवर, पोटऱ्यांवर व मानेवर चापट्या मारल्याचे आवाज सुरू होतात. एक हात पुस्तकावर व दुसरा डांसांच्या मागें, अशा स्थितींत भूमितीचा सिद्धान्त कोणाच्या डोक्यांत शिरणार?

गेल्या वर्षीं जुलै महिन्यांत नववीच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं मला विचारलें, “सर, बाजारांत डांस पळविणाऱ्या मेणबत्त्या मिळतात, तशा आपल्याला करतां येणार नाहींत का?” बाजारांतील मेणबत्त्यांची किंमत वसतिगृहाच्या खर्चाच्या वहींत बसण्यासारखी नव्हती. परंतु अशा मेणबत्तींत मेण, वात व एक सुगंधी तेल यांपलीकडे विशेष कांहीं नसतें, हें मला माहीत होतें. म्हणून “करतां येतील” असें मीं उत्तर दिलें. त्यानंतर जें घडलें तें या लेखांत सांगावयाचें आहे. त्यांत एक कृति आहे, माझ्या दोन चुका आहेत, व एका मुलाच्या आजाराची हकीकत आहे.

मेणबत्ती जळते म्हणजे काय होतें?

कृतीकडे वळण्यापूर्वीं मेणबत्ती कशी जळते तें समजून घेतलें पाहिजे. नाहीं तर हात कामाला लागतात आणि डोकें स्वस्थ बसून राहतें. लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञानें इ. स. १८६०-६१ च्या नाताळच्या सुटींत मुलांपुढें केवळ मेणबत्ती या एकाच विषयावर सहा व्याख्यानें दिलीं. फॅरडे हा लोहाराचा मुलगा. लहानपणीं तो पुस्तकें बांधणाऱ्याच्या दुकानांत उमेदवारी करीत होता, आणि बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचतां वाचतां त्यास शास्त्राची गोडी लागली. ज्या वस्तूकडे आपण रोज पाहतों, परंतु जी कधीं नीट पाहत नाहीं, अशा वस्तूंत किती शास्त्र भरलेलें असतें, हें त्याच्या व्याख्यानांवरून कळून येतें.

जळती मेणबत्ती जवळून पाहा. ज्योतीच्या उष्णतेनें वातीभोंवतीं मेण वितळून त्याचें लहानसें तळें होतें. टिपकागद जशी शाई शोषून घेतो, तसें हें पातळ मेण वातीच्या तंतूंतून वर चढतें. वर गेल्यावर त्याची वाफ होते, आणि ती वाफ जळते. घट्ट मेण जळत नाहीं, पातळ मेण जळत नाहीं. जळते ती वाफ. याची खात्री करून घ्यावयाची असेल तर मेणबत्ती फुंकून विझवा. वातींतून पांढरट धुराची रेघ निघेल. वातीपासून बोटभर अंतरावर त्या धुराला पेटती काडी लावा. ज्योत धुरावरून उतरून पुनः वातीवर येऊन बसेल. तो धूर म्हणजेच थंड होऊं लागलेली मेणाची वाफ.

आतां या मेणांत लवकर उडून जाणारें एखादें सुगंधी तेल मिसळलेलें आहे असें समजा. जें तेल वातींतून वर चढेल तें मेणाबरोबर जळून जाईल. आपल्या कामाच्या दृष्टीनें तें फुकट गेलें. जें तेल मेणाच्या तळ्यावरून, न जळतां, वाफेच्या रूपानें हवेंत मिसळेल तेवढेंच उपयोगी. यावरून आपल्या मेणबत्तीचा आकार ठरतो. उंच व बारीक मेणबत्तीचें तळें लहान, म्हणून ती या कामास योग्य नाहीं. पसरट डब्यांत ओतलेली, रुंद तळ्याची मेणबत्ती पाहिजे.

डांस माणसास कसा शोधतो?

माणसास चावते ती डांसाची मादी. अंडीं तयार होण्यासाठीं तिला रक्त लागतें. नर फुलांतील रस व तत्सम गोड पदार्थांवर राहतो. आपण श्वास सोडतों त्याबरोबर कार्बन डायऑक्साइड वायु बाहेर पडतो. त्याचा माग काढीत मादी दुरून येते. जवळ आल्यावर अंगाची ऊब, घामाचा वास व श्वासांतील ओलावा तिला नेमकी जागा दाखवितात. कांहीं वनस्पतींच्या तेलांची वाफ हवेंत मिसळली म्हणजे हा माग तिला नीट लागत नाहीं, अथवा ती त्या वासापासून दूर राहते.

अशा तेलांत सिट्रोनेला तेल प्रसिद्ध आहे. तें एका सुगंधी गवतापासून पाण्याच्या वाफेनें ऊर्ध्वपातन करून काढितात. या गवताचे सिलोनी व जावा असे दोन प्रकार असून आपल्या देशांत जावा प्रकारची लागवड विशेषतः आसामांत होते. हें गवत आपणांस अगदींच परकें नाहीं. आपल्या परसांत असलेला गवती चहा व खानदेशाच्या डोंगरांत उगवणारें रोशा गवत हीं दोन्ही त्याचींच भावंडें आहेत. पान चुरगळून पाहिलें म्हणजे नातें ओळखूं येतें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. दारांत गवती चहाचा ठोंब लावला म्हणजे डांस फिरकत नाहींत, असें पुष्कळांस वाटतें. परंतु पान शाबूत असेपर्यंत त्यांतील तेल पानाच्या पेशींत कोंडलेलें असतें. नुसत्या ठोंबाचा म्हणण्यासारखा उपयोग होत नाहीं.

कडूलिंबाचें तेल वापरूं नये का, असेंही मुलांनीं विचारलें. तें तेल निराळ्या जातीचें आहे. तें सिट्रोनेला तेलाप्रमाणें लवकर उडून जात नाहीं. शिवाय तें मिसळल्यानें मेण मऊ पडतें व ज्योत काजळी धरते. म्हणून आम्हीं तें घेतलें नाहीं.

साहित्य व प्रमाण

या कामास सर्वांत अधिक लागतें तें मेण, आणि तेंच आम्हांस विकत घ्यावें लागलें नाहीं. नाताळच्या उपासनेंतील मेणबत्त्यांचीं थोटकें, दिवाळींतील उरलेले तुकडे, वीज जाते तेव्हां घरोघरीं अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या, हें सर्व मुलांनीं पंधरा दिवसांत गोळा केलें. तोलून पाहतां अर्धा किलोहून अधिक भरलें. डबेही स्वयंपाकघरांतील टाकाऊ सामानांत मिळाले. पैसे पडले ते तेलाच्या लहान बाटलीस व टाकणखारास.

आमचें प्रमाण असें होतें: मेण ५०० ग्रॅम, सिट्रोनेला तेल १५ ग्रॅम, सुमारें सात सेंटिमीटर व्यासाचे पत्र्याचे तीन डबे, सुती दोरा, मीठ व टाकणखार, एक मोठें व एक लहान पातेलें, गाळण्यासाठीं जुनें फडकें, आणि प्रयोगशाळेंतील तापमापक.

शंभर भाग मेणास तीन भाग तेल, हें येथील प्रमाण आहे. तेल पाण्याहून हलकें असल्यामुळें १५ ग्रॅम तेल म्हणजे सुमारें १७ मिलिलिटर, अर्थात् औषधाचे साडेतीन चमचे होतात. अधिक तेल घातलें म्हणजे गुण अधिक येईल असें वाटतें, परंतु तसें होत नाहीं. मेणांत तेल सामावण्यास मर्यादा आहे. ती ओलांडली म्हणजे मेणबत्तीस घाम फुटल्याप्रमाणें तेल वर येतें आणि ज्योत भडकते.

डबा पत्र्याचाच घ्यावा. साधी कांच उष्णतेनें तडकते. नारळाची करवंटी दिसावयास सुंदर, परंतु ती स्वतःच पेट घेते. कच्च्या भाजणीच्या मातीच्या भांड्यांतून मेण पाझरतें.

कृति

(१) सुती दोऱ्याचे तीन पेड घेऊन त्यांची घट्ट वेणी घालावी. पेलाभर कोमट पाण्यांत एक चमचा मीठ व दोन चमचे टाकणखार विरघळवून त्यांत ही वेणी रात्रभर भिजत ठेवावी. नंतर ती पूर्ण वाळवावी व वितळलेल्या मेणांतून एकदां काढून सरळ ताणून ठेवावी. या क्षारांमुळें वात सावकाश जळते व विझविल्यावर धुमसत राहत नाहीं. वेणी घालण्याचें कारणही समजून घ्या. वेणीची वात जळतांना किंचित् वांकते. तिचें टोंक ज्योतीच्या बाहेरच्या, अधिक उष्ण भागांत येऊन जळून जातें. वेणीची वात निघण्यापूर्वीं मेणबत्तीची काजळी वारंवार कातरून काढावी लागत असे.

(२) थोटकांतील जुन्या वाती, काड्यांचे तुकडे व धूळ काढून टाकावी. मेणाचे बारीक तुकडे करावे.

(३) मोठ्या पातेल्यांत चार बोटें पाणी तापत ठेवावें व त्यांत मेणाचें लहान पातेलें ठेवावें. पाणी १०० अंशांवर उकळतें, त्याहून तें अधिक तापत नाहीं. म्हणून आंतील मेणही त्यापुढें तापत नाहीं. साधें मेण साठ अंशांच्या आसपास वितळतें. तेंच मेण प्रत्यक्ष विस्तवावर ठेवलें तर पाहतां पाहतां दोनशें अंशांपर्यंत जाऊं शकतें, आणि मग त्याची वाफ पेट घेते. मेण पेटलेंच तर त्यावर पाणी कधींही ओतूं नये. पाण्याची एकदम वाफ होऊन जळतें मेण चहूंकडे उडतें. विस्तव बंद करून भांड्यावर घट्ट झांकण ठेवावें. हवा तुटली म्हणजे आग विझते. यासाठीं झांकण आरंभापासून हाताशीं असावें, व मोठें माणूस शेजारीं उभें असल्यावांचून मुलांनीं हें काम हातीं घेऊं नये.

(४) मेण पूर्ण पातळ झाल्यावर फडक्यांतून गाळून घ्यावें. डब्याच्या तळाशीं थेंबभर मेण टाकून वातीचें खालचें टोंक त्यांत चिकटवावें. वरचें टोंक डब्यावर आडव्या ठेवलेल्या काडीस बांधावें, म्हणजे वात मध्यभागीं उभी राहते.

(५) विस्तव बंद करून मेण ७० अंशांच्या खालीं येऊं द्यावें व मगच तेल घालून सावकाश ढवळावें. फार गरम मेणांत तेल घातलें तर त्याचा मोठा भाग ढवळतांनाच उडून जातो; खोली सुवासिक होते, मेणबत्ती मात्र कोरडी राहते.

(६) मेण डब्यांत ओतावें, परंतु थोडें शिल्लक ठेवावें. थंड होतांना मेण आकसतें व वातीभोंवतीं खळगा पडतो. तो शिल्लक मेणानें भरून काढावा.

(७) डब्यास झांकण लावून एक दिवस तसाच ठेवावा. नंतर वात अर्धें बोट ठेवून कापावी.

अशी एक मेणबत्ती सुमारें १७० ग्रॅम भरते. ताशीं पांच ते सात ग्रॅम मेण जळतें असें धरलें तर एक डबा पंचवीस तासांवर चालतो. म्हणजे रोज दोन तासांप्रमाणें जवळजवळ दोन आठवडे पुरतो. पहिल्या दिवशीं पृष्ठभाग कडेपर्यंत वितळेतों ती जळूं द्यावी. नाहीं तर मध्यें विहीर पडून तळें कायमचें लहान राहतें. रोजही अभ्यासाच्या अर्धा तास आधीं लावून ठेवावी, कारण तळें तयार होईपर्यंत तेल हवेंत येत नाहीं.

माझी पहिली चूक

वर दिलेली कृति आमची दुसरी खेप होय. पहिली खेप फसली, आणि ती माझ्या लोभानें. तेलास पैसे पडतात, आणि गवती चहा परसांत फुकट आहे. मग पानेंच कां वापरूं नयेत, असा विचार मीं केला. ओलीं पानें वाटून आम्हीं मेणांत घातलीं. पानांतील पाण्यामुळें मेण तडतडूं लागलें व एका मुलाच्या मनगटावर थेंब उडाला. तरी आम्हीं तसेंच डबे भरले. दुसऱ्या दिवशीं मेणबत्ती लावल्यावर पानांचे तुकडे तरंगत वातीपाशीं गेले, त्यांतील प्रत्येक तुकडा वातीसारखा पेटला, व क्षणभरांत डब्याचें सगळें तोंड जळूं लागलें. झांकण जवळ होतें म्हणून निभावलें. शोभेसाठीं मेणबत्तींत पानें, फुलें किंवा साली घालण्याची रीति कोठें पाहाल तर ही हकीकत आठवा.

ती कितपत उपयोगी पडते?

दुसऱ्या खेपेच्या मेणबत्त्या उत्तम साधल्या. मुलें हर्षानें म्हणूं लागलीं, “सर, डांस गेले!” परंतु आपल्या हातची वस्तु आपणांस नेहमींच गुणकारी वाटते. म्हणून मीं त्यांस सांगितलें कीं, जेथें मेणबत्ती नाहीं तेथें त्याच वेळीं किती डांस येतात हें मोजल्याशिवाय “गेले” असें म्हणण्याचा आपणांस अधिकार नाहीं. एवढेंही पुरेसें नाहीं. तेल नसलेली साधी मेणबत्तीही तिसऱ्या जागीं लावली पाहिजे. नाहीं तर गुण तेलाचा कीं ज्योतीचा, हें कसें ठरणार? बसणाऱ्या मुलांच्या जागाही रोज बदलल्या पाहिजेत, कारण कांहीं माणसांकडे डांस अधिक जातात. आणि एका संध्याकाळच्या मोजणीवरून कांहींच ठरवितां येत नाहीं.

अशा रीतीनें शास्त्रज्ञांनीं केलेले दोन प्रयोग तुम्हांस सांगतों. इ. स. १९९६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या कॅनडांतील एका प्रयोगांत उघड्या जागीं शेंकडा ३ सिट्रोनेला तेलाच्या मेणबत्त्या लावून डांसांचे चावे मोजले. मेणबत्तीजवळ बसलेल्यांस ते शेंकडा ४२ नीं कमी आले. सिट्रोनेलाची उदबत्ती लावली तेव्हां ते शेंकडा २४ नीं कमी आले, आणि साधी मेणबत्ती व ही उदबत्ती यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. पुढें इ. स. २०१७ मध्यें अमेरिकेंतील न्यू मेक्सिको येथें डेंग्यू पसरविणाऱ्या एडीस जातीच्या डांसांवर प्रयोग झाला. त्यांत सिट्रोनेलाच्या मेणबत्तीचा कांहींच परिणाम दिसून आला नाहीं.

या दोहोंचा अर्थ काय? अनुकूल स्थितींतही शंभर चाव्यांपैकीं अर्ध्याहून अधिक होतातच; प्रतिकूल स्थितींत मेणबत्ती केवळ उजेड देते. हिशेब करून पाहिलें तर यांत नवल नाहीं. ताशीं सहा ग्रॅम मेण जळतें, त्यांत तेल अवघें अठरा शतांश ग्रॅम. त्यांतीलही कांहीं भाग ज्योतींत जळून जातो. एवढीशी वाफ उघड्या अंगणांत कितीशी पुरणार? वाऱ्याची एक झुळूक आली कीं ती निघून जाते.

म्हणून मेणबत्ती लावावयाची तर वारा पडलेल्या वेळीं, आडोशाच्या जागीं, वारा येतो त्या बाजूस, व माणसांपासून एक-दोन पावलांवर लावावी. डांस घोट्यांकडे फार येतात, म्हणून ती उंच टेबलावर न ठेवतां जमिनीवर विटेवर ठेवावी. सतरंजी, वह्या व पदर यांपासून ती दूर असावी, आणि जळती टाकून कोणीं उठून जाऊं नये. बंद खोलींत ती लावूं नये. दमा असलेल्यांस तिच्या धुराचा व वासाचा त्रास होतो. जेथें वीज आहे तेथें पंखा पायांकडे वळवून ठेवणें हा याहून सोपा उपाय आहे. डांस उडण्यांत दुबळा असल्यामुळें वाऱ्यापुढें त्याचें कांहीं चालत नाहीं. आणि निजतांना मच्छरदाणीस तोड नाहीं.

दिव्याखालीं अंधार

आतां दुसरी चूक. ती पहिलीपेक्षां मोठी होती.

आमच्या मेणबत्त्या चांगल्या चालल्या होत्या. व्हरांड्यांत तीन डबे तेवत, मुलें निवांतपणें वाचीत, व मी समाधानानें फेऱ्या घालीत असें. ऑगस्टच्या अखेरीस सातवींतील एका मुलास ताप भरला. डोळ्यांच्या मागें ठणका, सांध्यांत वेदना, अंगावर पुरळ. दवाखान्यांत रक्त तपासल्यावर डेंग्यू असल्याचें कळलें. त्याची आई खेड्याहून आली व चार दिवस त्याच्या उशाशीं बसून राहिली. त्या चार दिवसांत मी त्या बाईच्या डोळ्यांस डोळा देऊं शकत नव्हतों. तिनें विश्वासानें मूल आमच्या हातीं दिलें होतें.

मुलाचा ताप उतरल्यावर ती हातपाय धुण्यास व्हरांड्याच्या मागें गेली. तेथें पन्हळीखालीं एक पिंप होतें. झाडांस घालण्यासाठीं पावसाचें पाणी त्यांत सांठवीत असूं. ती तेथूनच मला हांक मारून म्हणाली, “मास्तर, ह्या पाण्यात हे काय वळवळतंया?”

मीं जाऊन पाहिलें. पिंप डांसांच्या अळ्यांनीं भरलेलें होतें. जेथें आमच्या मेणबत्त्या जळत होत्या, तेथून तें दहा पावलांवरही नव्हतें. दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हाच. डांस हांकण्याच्या वस्तूचें वजन मी ग्रॅमांत करीत होतों, आणि डांस जेथें हजारोंनीं जन्मत होते तें पिंप मीं एकदांही उघडून पाहिलें नव्हतें. मला पदवी होती; तिला अक्षरओळख नव्हती. परंतु पाहावयाचें तें तिनें पाहिलें.

आणखी एक गोष्ट मला कळत असूनही मीं तिचा विचार केला नव्हता. डेंग्यूचा एडीस डांस, ज्याच्या काळ्या अंगावर व पायांवर पांढरे पट्टे असतात, तो दिवसा चावतो. विशेषतः सकाळीं व दिवस मावळण्यापूर्वीं. आमच्या मेणबत्त्या लागत त्या दिवस मावळल्यावर. म्हणजे शत्रु येऊन गेल्यावर आम्ही पहारा बसवीत होतों.

डांसांच्या सवयी जातीजातींत निराळ्या आहेत, म्हणून त्या शिकाव्या लागतात. हिंवताप पसरविणारा ॲनोफेलीस रात्रीं चावतो व विहिरी, टांक्या, डबकीं अशा पाण्यांत वाढतो. हत्तीरोगाचा प्रसार करणारा क्युलेक्स गटारांतील घाण पाण्यांत वाढतो. एडीसला आपल्या घरांतीलच सांठविलेलें स्वच्छ पाणी आवडतें: पिंप, कुंडीखालची थाळी, फुटका डबा, टाकलेला टायर. डांस व हिंवताप यांचा संबंध आपल्याच देशांत उघडकीस आला, याचाही येथें उल्लेख केला पाहिजे. अल्मोडा येथें जन्मलेला डॉक्टर रोनाल्ड रॉस यास २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबाद येथें डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु दिसले. पुढें १९०२ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. त्यापूर्वीं दमट, दूषित हवेनें हिंवताप येतो असें लोक मानीत. आज आपणांस खरें कारण ठाऊक आहे; तरी पिंपाचें झांकण उघडून पाहण्याचा आळस गेला नाहीं.

अंड्यापासून उडणारा डांस होण्यास उष्ण हवेंत आठ-दहा दिवस लागतात. यांतच उपाय दडलेला आहे. आठवड्यांतून एक दिवस सगळीं भांडीं रिकामीं करून वाळविलीं तर एकाही अळीस पंख फुटण्यास वेळ मिळत नाहीं. यालाच आपल्याकडे कोरडा दिवस पाळणें म्हणतात. मात्र नुसतें पाणी ओतून भागत नाहीं. एडीसचीं अंडीं भांड्याच्या कडेस चिकटतात व पाण्यावांचून महिनेच्या महिने टिकतात. म्हणून आंतून घासलें पाहिजे. जें पाणी ओततां येत नाहीं त्यावर घट्ट झांकण किंवा कापड बांधावें. हौदांत गप्पी मासे सोडावे. ते अळ्या खातात. या सर्वांस खर्च म्हणावा तर एक घासणी व अर्ध्या तासाची मेहनत.

त्या दिवसापासून वसतिगृहांत दर शनिवारीं सकाळीं मुलांची एक तुकडी सगळीं पिंपें, कुंड्या व पन्हळी तपासते. आजारांतून उठलेला तो मुलगा तुकडीचा प्रमुख आहे, व त्याच्या हातून एकही करवंटी सुटत नाहीं. मेणबत्त्या आम्ही टाकून दिल्या नाहींत. यंदाही मुलें थोटकें जमवीत आहेत; वारा पडलेल्या संध्याकाळीं त्या थोडा आराम देतात, आणि मेण, वाफ व ज्योत यांविषयीं त्या जें शिकवितात तें फळ्यावर खडूनें शिकवून येत नाहीं. मात्र क्रम आतां ठरला आहे: आधीं पिंप, मग मच्छरदाणी, आणि शेवटीं मेणबत्ती.

तुमच्यापैकीं पुष्कळजण सुटींत गांवीं जातील. वर दिलेल्या कृतीप्रमाणें घरच्या वडील माणसांच्या देखरेखीखालीं मेणबत्ती अवश्य करून पाहा. परंतु काडी ओढण्यापूर्वीं ओसरीवरून उतरून घराच्या मागच्या बाजूस एक फेरी घाला, आणि जेथें जेथें पाणी सांचलेलें असेल तेथें तेथें वांकून पाहा.